बोर्ड (इंग्रजी नाम)

बोर्ड : लाकडाची सपाट, पातळ फळी. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेल्या या नामाचा हा मूळ अर्थ. फळा, पाटी, पुठ्ठा, जेवण, संचालक मंडळ, परीक्षा मंडळ आणि जहाजाची बाजू हे त्याचे आजचे अर्थ एकमेकांपासून फार लांबचे वाटतात. त्यांतले बहुतेक मात्र एकाच फळीवरून निघालेले आहेत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाचे टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेली लांब फळी. जेवण आटोपले की ती उचलून ठेवत. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे टेबल, आणि टेबल म्हणजे त्यावरचे जेवण, असा अर्थ सरकत गेला. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ या जोडीत बोर्ड म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणे. ‘कपबोर्ड’ हीसुद्धा आधी पेले मांडायची फळीच होती. दारे असलेले कपाट हा अर्थ पुढचा.

मराठीत ‘बोर्डिंग’ म्हटले की आधी वसतिगृह आठवते, जेवण नंतर. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर मात्र या शब्दातला जेवणाचा अर्थच खरा ठरतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे तिथे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी जितकी अवघड होती, तितकीच शहरात दोन वेळ जेवायचे कुठे ही अडचणही मोठी होती. जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. शब्दकोशात ‘बोर्ड’समोर ‘जेवण’ हा अर्थ कोरडा वाटतो. साताऱ्याच्या या घराजवळ तो वाटत नाही.

त्याच टेबलाभोवती जेवणाऐवजी कामाला बसलेली माणसे, म्हणजे मंडळ, हा शब्दाचा दुसरा मोठा फाटा. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी 1784 च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले. 1928 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या इंग्रजी नावातही हेच शब्द आहेत. गावोगावच्या शाळा आणि रस्ते पाहणारी लोकल बोर्डे 1962 मध्ये जिल्हा परिषदा येईपर्यंत होती. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून येतो. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीच्या काळात ‘मुलगी बोर्डात आली’ एवढ्यावर पेढे वाटले जात. हा अर्थ इंग्रजीत नाही, तो आपला आहे.

जहाजाचा अर्थ थोडा वेगळा. जुन्या इंग्रजीत ‘कड, जहाजाची बाजू’ या अर्थाचाही असाच शब्द होता आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात हे दोन शब्द सारखेच ऐकू येत. म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लारबोर्ड सोडून ‘पोर्ट’ शब्द सक्तीचा केला. विमानतळावरचा ‘बोर्डिंग पास’ हा जहाजाच्या घराण्यातला, जेवणाच्या नव्हे.

वापरात अडखळायला होते ते ‘द’ या उपपदापाशी. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, गाडीत किंवा विमानात. ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे मंडळावर, किंवा फळ्यावर. जेवण या अर्थी शब्द अगणनीय, त्याचे अनेकवचन होत नाही. फळी आणि मंडळ या अर्थांनी होते. मंडळाला ब्रिटिश इंग्रजीत एकवचनी आणि अनेकवचनी दोन्ही क्रियापदे चालतात, अमेरिकन इंग्रजीत सहसा एकवचनीच.

मराठीत फळी आणि फळा दोन्ही संस्कृत ‘फलक’वरून आले, आणि खुद्द ‘फलक’ नामफलक आणि सूचना फलकासाठी राहिला. इथपर्यंत दोन्ही भाषांची वाट सारखीच आहे. पण आपल्याकडे जेवण जमिनीवर, पाटावर बसून. फळी बसायला होती, तिचे जेवणाचे टेबल झाले नाही, म्हणून फळीवरून सभाही निघाली नाही. सभेसाठी मराठीने ‘मंडळ’ घेतला, आणि त्याचा मूळ अर्थ वर्तुळ.