आर्ट्सवाल्यांना लष्करात अधिकारी होता येत नाही?

ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांमधल्या ग्रुपवर दर जूनला, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, एक मेसेज फिरतो: 'सैन्यात अधिकारी व्हायचं तर सायन्सच घ्या.' गैरसमज होणं साहजिक आहे, कारण तो अर्धा खरा आहे.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. लष्करासाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. अडचण वेगळीच आहे: लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 300 गणिताचे असतात आणि तो पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. म्हणून आर्ट्स घेतलं तरी गणिताचा सराव सोडू नका, हे मी कळकळीने सांगते.

पदवीनंतर सीडीएसची, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची वाट आहेच. त्यात शॉर्ट सर्व्हिससाठी (लष्करात ठरावीक वर्षांपुरती अधिकारी म्हणून नोकरी) फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, प्रत्येकी 100 गुण. गणित नाही. मुलींनाही ही वाट खुली आहे.

पडताळायचं असेल तर परीक्षेची अधिकृत जाहिरात उघडा, 'शैक्षणिक पात्रता' हा भाग काढा. लष्कराची ओळ वेगळी, नौदल-हवाई दलाची वेगळी दिसेल. माझ्या भाचीने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि आर्ट्सचाच फॉर्म भरला.