दुखणं पोटाचं, चिठ्ठी रक्ताची

मिरजेत आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक गोष्ट चक्रावून टाकते. पेशंटला आणलेलं असतं पोटातली कळ पाठीपर्यंत गेली म्हणून. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे आणि सुजलेलं स्वादुपिंड दिसलेलं असतं. मग रोज सकाळी प्लेटलेट, पीटी-आयएनआर, डी-डायमर अशा रक्त गोठण्याच्या तपासण्यांची चिठ्ठी कशाला? याचं उत्तर डॉक्टरांनाही सावकाशच सापडलं, आणि हाती आल्यावर त्यातला एक भाग पुन्हा बाजूला ठेवला गेला.

तीव्र स्वादुपिंडदाहाचं पहिलं नीट वर्णन बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांचं, 1889 मधलं. त्यांनी प्रकार पाडले ते डोळ्यांना दिसेल तसे: रक्तस्राव झालेला, पू झालेला, सडलेला. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं 1894 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी प्रागचे हान्स किआरी म्हणाले की हे पिंड स्वतःलाच पचवतं. पाचकरस आतड्यात पोचण्याआधीच जागा होतो. 1901 मध्ये बाल्टिमोरच्या युजीन ओपी यांनी पित्तनळीच्या तोंडाशी अडकलेला खडा दाखवला. तोवर लक्ष सगळं पोटावर. रक्ताचा विचार व्हायचा तो सांडलेल्या रक्ताचा.

पुढचा धागा आपल्याकडच्या डॉक्टरांना लवकर कळेल, कारण त्यांनी घोणस चावलेले पेशंट पाहिलेले असतात. बत्तीस शिराळ्याचा नाग प्रसिद्ध, पण रक्त बिघडवते ती घोणस. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलि रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर समजायचं की विषाने गोठण्याची क्रिया बिघडली आहे. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक एकदम चेतवतं. ते सगळे खर्ची पडतात आणि मग रक्त गोठतच नाही. हॅरी ईगल यांनी 1937 मध्ये दाखवलं की ट्रिप्सिन, म्हणजे स्वादुपिंडाचाच पाचकरस, रक्तातल्या निद्रिस्त प्रोथ्रॉम्बिनचं गुठळी करणारं थ्रॉम्बिन करून रक्त गोठवू शकतो. म्हणजे पोटातच घोणस बसलेली!

कल्पना मोहक होती, पण पुरी पडली नाही. रक्तात ट्रिप्सिनला बांधून ठेवणारी प्रथिनं मुबलक असतात. खरा घोटाळा दाहाचा आहे. दाहाच्या संदेशांमुळे पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर गोठण्याची क्रिया सुरू करतात, तिला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी कमी होतात, वर झालेली गुठळी विरघळण्याची सोयही बंद पडते. बारीक गुठळ्या फुप्फुसं आणि मूत्रपिंडांच्या केशवाहिन्यांत अडकतात. डोनाल्ड मॅके यांनी 1965 मध्ये मांडलं की असं सर्वदूर रक्त गोठणं हा स्वतंत्र आजार नसून मधला दुवा आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच. पोटातली आग छातीत आणि लघवीत कशी पोचते, त्याचा एक रस्ता त्यात सापडतो.

स्वादुपिंडदाह किती गंभीर हे ठरवणाऱ्या 1992 च्या अटलांटा व्याख्येत या बिघाडाला जागा मिळाली. प्लेटलेट एक लाख किंवा त्याखाली, फायब्रिनोजेन (गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन) डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली, असे आकडे गुंतागुंतींच्या यादीत आले. 2012 च्या सुधारित व्याख्येत मात्र अवयव निकामी होणं तीनच ठिकाणी मोजायचं ठरलं: श्वसन, रक्ताभिसरण, मूत्रपिंड. बिघाड 48 तासांहून जास्त टिकला तर आजार गंभीर. कुठल्याही गावात मोजता येईल अशी ही पट्टी आहे, तिचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण प्लेटलेट त्यातून सुटल्या. सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा, वापरली जाणारी सोफा पट्टी त्या अजून मोजते.

मोठ्या शिरांची गोष्ट वेगळी. प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटूनच जाते, त्यामुळे सूज आली की तिथे गुठळी होण्याची भीती असते. ती बऱ्याचदा पेशंट सावरू लागल्यावर सीटी स्कॅनमध्येच सापडते. गुठळी रोखणारं हेपारिन द्यावं, तर शेजारच्या धमनीची भिंत पाचकरसाने कुरतडलेली असू शकते आणि ती फुटली तर रक्त थांबत नाही. पायातल्या गुठळ्या टाळण्यापुरता छोटा डोस सहसा दिला जातो. पूर्ण डोसाचा निर्णय मात्र पेशंटगणिक, सीटी आणि सकाळची ती चिठ्ठी शेजारी ठेवून घेतात.