कुळागरातला उडता बेडूक

गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, पावसाने जोर धरला की टाकीवर झुकलेल्या फांदीला पांढरा फेस चिकटलेला दिसतो. साफसफाईत तो हमखास पाडला जातो. खरं तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं असू शकतं. हा बेडूक फक्त पश्चिम घाटात सापडतो. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक जेर्डन यांनी 1870 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा तपकिरी बेडूक निराळा. फेसाचं घरटं तोही करतो, पण त्याच्या हाताच्या बोटांत पडदा जवळजवळ नसतोच. उडता बेडूक पाठीवर हिरवागार, मादी सुमारे 10 सेंटिमीटर, नर लहान. पाय आखडून बसला की पानात दिसत नाही. झेप घेतली की बोटांमधले नारिंगी-लाल पडदे ताणून उघडतात. ‘उडता’ म्हणायचं एवढंच, पंख नाहीत. चारही पंजे पसरून तो 9 ते 12 मीटर तरंगत खाली येतो आणि पंजे तिरके करून दिशा बदलतो.

घरटं बांधायची रीत मात्र उडण्याहून नवलाची. मादी अंड्यांबरोबर चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तो फुगतो. बाहेरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते. उघड्या पाण्यातल्या बेडकांची अंडी बहुधा काळपट असतात, कारण रंगामुळे उन्हापासून बचाव होतो. फेसात दडलेल्या या अंड्यांना ती गरज नाही, ती पांढरटच. साधारण आठवडाभरात फेस सैल पडतो आणि पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात.

म्हणून घरट्याखाली तेव्हा पाणी हवंच. टाकी उपसली, किंवा पावसाने उघडीप दिल्यावर डबकं आटलं, तर पिल्लं कोरड्यात पडून मरतात. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे पिल्लांवरही ताव मारतात. जिथे घरटी होतात त्या टाकीत ते सोडू नयेत.

फांदी तोडणं भागच असेल तर फेस पानावरून सोडवू नका. डहाळीसकट कापून त्याच टाकीवर, सावलीत, पाण्याला न टेकता बांधा. बेडकाला हात लावणं टाळा: त्याची त्वचा पाण्यासोबत रसायनंही शोषते, आणि डासांचं मलम लावलेला हात त्याला बाधतो.