तीस सेकंदांची रेघ कुठून आली?

लाइफ क्लास, म्हणजे जिवंत माणूस समोर ठेवून रेखाटन करण्याचा वर्ग, आज बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने चालतो. मॉडेल चबुतऱ्यावर येते, आधी तीस सेकंदांच्या आणि मिनिटाच्या पाच-दहा पोझ होतात. मग पाच मिनिटांच्या, मग वीस मिनिटांच्या. शेवटी एकच पोझ धरली जाते, ती दिवसभर आणि कधी आठवडाभरही चालते. घरी मोबाइलवर टायमर लावून फोटोंवरून सराव करणारी मुलंही हाच क्रम पाळतात. गाणाऱ्याने रियाजाला बसताना आधी खर्ज लावावा, तितकं ते आता स्वाभाविक वाटतं.

इतिहासात मात्र गाडी उलटी धावली आहे. वर्गात आधी आली ती लांब पोझ. झटपट रेखाटन वर्गाबाहेर वाढलं, रस्त्यावर, बाजारात, चित्रकाराच्या खिशातल्या वहीत. वर्गाचा उंबरठा ओलांडायला त्याला दोनशेहून जास्त वर्षं लागली. आज एका सकाळीत लागोपाठ होणारे हे दोन प्रकार बराच काळ एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

सुरुवातीला त्यांच्यात भांडण नव्हतं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत चित्रशाळेतला उमेदवार पोऱ्याच मॉडेल म्हणून उभा राहायचा. देवदूत हवा असो की सैनिक, त्यालाच हात वर करायला सांगायचे. त्याच काळात लिओनार्दो आपल्या टिपणांत सांगतो की एक छोटी वही कायम जवळ बाळगा आणि माणसं भांडताना, हसताना, हातघाईवर येताना दिसली की थोडक्या रेघांत टिपून घ्या. पुढे बोलोन्याच्या काराच्ची बंधूंनी १५८० च्या दशकात स्वतःची अकादमी काढली, तिथे जिवंत मॉडेलसमोर बसून रेखाटणं हा शिक्षणाचा गाभा होता. पण हीच मंडळी बाहेर पडली की दिसेल त्या हमालाला, फेरीवाल्याला कागदावर उतरवायची. जेवतानाही एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात खडू असायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

फारकत झाली ती पॅरिसमध्ये. १६४८ साली तिथे राजाश्रयाने चित्र-शिल्पकलेची अकादमी निघाली आणि काही वर्षांतच नग्न मॉडेलवरून सार्वजनिक वर्ग चालवण्याचा हक्क तिने फक्त स्वतःकडे ठेवला. म्हणजे माणसाचं शरीर बघून चित्र काढणं ही परवान्याची गोष्ट झाली. मॉडेल पुरुषच असे. पोझ प्राध्यापक लावून देत, रोज साधारण दोन तास बैठक होई आणि तीच पोझ अनेक दिवस चाले. या वर्गाचा दबदबा एवढा, की तिथे काढलेल्या नग्न अभ्यासचित्रालाच फ्रेंचमध्ये ‘अकादमी’ म्हणू लागले.

त्या वर्गापर्यंत पोहोचणंही सोपं नव्हतं. आधी छापील चित्रांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून रेखाटन, आणि तिथे हात बसला तरच जिवंत माणूस. एकोणिसाव्या शतकात शार्ल बार्ग याने चित्रकार जेरोमच्या साथीने याच पद्धतीचा संच छापला. त्यात १९७ पानं आहेत. डोळा, कान, पाऊल इथपासून सुरू होऊन पूर्ण आकृतीपर्यंत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये, चित्रकार व्हायचं ठरवल्यावर, हा संच घेऊन ती पानं पुन्हा पुन्हा गिरवली होती. ज्याच्या रेघेला आपण आज बेफाम म्हणतो, त्यानेही आधी पाटी घोटली.

या जुन्या अकादमी चित्रांकडे बारकाईने पाहिलं की एक गंमत दिसते. मॉडेलच्या हातात बहुतेक वेळा काठी असते, किंवा वरून सोडलेली दोरी, नाहीतर कोपराखाली लाकडी ठोकळा. चित्रात त्याचा भाला होतो, वल्हं होतं. खरं कारण साधं आहे. वर उचललेला हात माणूस दोन तास धरू शकत नाही, त्याला आधार लागतो. त्यामुळे धावण्याचा, ढकलण्याचा, वार करण्याचा आविर्भाव असतो, पण वजन कुठेच सरकत नाही. छाया-प्रकाश अप्रतिम, स्नायू जागच्या जागी, आणि माणूस खांबासारखा रोवलेला. हे माझं मत, पण संग्रहालयातल्या अशा दहा चित्रांसमोर उभं राहिलात तर तुम्हालाही वाटेल.

तसं ते तेव्हाही वाटत होतं. कवी बोदलेरने १८६३ मध्ये चित्रकार देलाक्र्वाबद्दल लिहिताना त्याचं एक बोलणं नोंदवलं आहे. चौथ्या मजल्यावरून माणूस खाली पडेपर्यंत त्याचं रेखाटन तुम्हाला जमत नसेल, तर मोठी चित्रं तुमच्या हातून व्हायची नाहीत, असं देलाक्र्वा एका तरुणाला म्हणाला होता. आजच्या टायमरवाल्यांना तीस सेकंद अपुरे वाटतात!

पॅरिसमध्येच होरास लकॉक द ब्वाबोद्रां नावाचा शिक्षक वेगळ्या वाटेने निघाला होता. त्याचा भर स्मरणावर. मॉडेल समोर असताना बघायचं, आणि ती नसताना काढायचं. तो मॉडेलना उघड्यावर नेई, चालू-फिरू देई आणि विद्यार्थ्यांना नुसतं पाहायला लावी. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत शिल्पकार ऑग्युस्त रोदँ होता. रोदँने पुढे पोझ लावणंच जवळजवळ सोडून दिलं. त्याच्या स्टुडिओत मॉडेल मोकळेपणी वावरत, हा मात्र नजर त्यांच्यावरून न हलवता, कागदाकडे न बघता पेन्सिल चालवी. १९०६ च्या जुलैत कंबोडियाच्या राजाबरोबर आलेल्या नर्तकींचा नाच त्याने पॅरिसमध्ये पाहिला आणि पासष्टीतला हा गृहस्थ त्यांच्या मागे थेट मार्सेयपर्यंत गेला. त्या काही दिवसांत दीडशेच्या आसपास रेखाटनं झाली. शिल्पकारांत त्याचं नाव सगळ्यात मोठं होतं, त्यामुळे ही चित्रं कच्ची आहेत असं म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

तरीही एकट्या मोठ्या माणसाची सवय म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. झटपट रेखाटनाला बैठक मिळाली ती पॅरिसच्या खासगी अकादम्यांमुळे. तिथे प्रवेशपरीक्षा नसे, पैसे भरले की बसा. सरकारी कलाशाळेने बायकांना १८९७ पर्यंत दारात उभं केलं नव्हतं, त्या ज्युलियाँ, कोलारोसी अशा ठिकाणी शिकत होत्या. माँपार्नासमधली ‘ग्रांद शोमिएर’ ही अकादमी १९०४ ची. तिथले ‘क्रोकी’चे वर्ग प्रसिद्ध होते. क्रोकी म्हणजे झटक्यात केलेलं रेखाटन. शिक्षक नाही, दुरुस्ती नाही, थोड्या थोड्या वेळाने बदलणाऱ्या पोझ आणि कडेला बसलेले नवखे-नावाजलेले सगळे. अमृता शेरगिल पॅरिसला आल्यावर आधी इथेच शिकली आणि मग सरकारी शाळेत गेली.

दोन्ही टोकं एका वेळापत्रकात बांधली ती मात्र न्यूयॉर्कमध्ये. किमॉन निकोलायडीस तिथल्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवायचे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैन्याच्या कॅमफ्लाज, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवण्याच्या, विभागात होते आणि तिथे समोच्च रेषांच्या (इंग्रजीत काँटूर) नकाशांशी त्यांचा संबंध आला. १९३८ मध्ये ते वारले. त्यांच्या शिकवण्याचं पुस्तक त्यानंतर, १९४१ मध्ये आलं. आठवड्याला पंधरा तास याप्रमाणे वर्षभराचं काम त्यात आखून दिलं आहे. त्यांनी ‘जेस्चर’ला पहिली पायरी केलं: वस्तू कशी दिसते ते काढू नका, ती काय करते आहे ते काढा. मिनिटभरात, कागदावरून हात न उचलता, गिरगटा झाला तरी चालेल. त्याच्या अगदी उलट ‘काँटूर’चा सराव, म्हणजे कागदाकडे न बघता, कडेला बोटाने स्पर्श करत असल्यासारखं मुंगीच्या चालीने जायचं. या दोहोंमधून मग लांब अभ्यासाकडे. आज शिक्षक वर्गात जो क्रम सांगतात त्याच्या मागे हे पुस्तक आहे, मग त्यांनी ते वाचलेलं असो वा नसो.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या, पश्चिम किनाऱ्यावर या सरावाला चक्क पगारी गिऱ्हाईक मिळालं. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३२ च्या नोव्हेंबरपासून डॉन ग्रॅहम संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले. अ‍ॅनिमेटरला सुंदर छाया-प्रकाश नको होता, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत वजन कसं सरकतं ते हवं होतं. जेस्चरची भाषा तिथे पोटापाण्याची झाली. डिस्नेतले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले, त्यामुळे ही परंपरा आपल्याकडे वाटते त्यापेक्षा लवकर पोहोचली.

मुंबईत मानवाकृतीचा अभ्यास मात्र त्याच्या बराच आधी रुजला होता, आणि तो आला लंडनमार्गे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा सुरुवातीचा रोख कारागिरीवर होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेचा तेवीस टप्प्यांचा अभ्यासक्रम त्यामागे होता. बाह्यरेषा, भूमिती, नक्षी आणि प्लास्टरचे पुतळे. तिथे १८९० मध्ये दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तिथेच शिक्षक झाले. पोस्टकार्डांवर छापलेली त्यांची मुंबईची माणसं पाहा: नऊवारीतल्या बायका, पगडीवाले, फेरीवाले. कुणाची मान कशी कलते आणि पदर सावरताना खांदा कसा उचलला जातो, हे पुतळ्यांच्या खोलीत बसून कळत नाही. धुरंधरांनी ते बाहेर मिळवलं. काराच्चींचं बोलोन्या आणि धुरंधरांचं गिरगाव यांत तेवढ्यापुरतं फार अंतर नाही.

१९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे. चे प्रमुख झाले आणि नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू झाला. तेव्हा बंगालमध्ये वारं नेमकं उलटं होतं. पाश्चात्त्य धर्तीचं शरीरचित्रण म्हणजे परक्याची नक्कल, असं कलकत्त्याच्या कलाशाळेचे माजी प्रमुख हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रभावातल्या मंडळींचं म्हणणं. सॉलोमननी एका बाजूला लाइफ क्लास आणि दुसऱ्या बाजूला भारतीय पद्धतीच्या भित्तिचित्रांचा वर्ग असा संसार मांडला. वाद बरेच दिवस गाजला. माझ्या मते दोन्ही बाजूंचा राग शरीरावर नव्हताच, तो लांब पोझेने येणाऱ्या ताठपणावर होता. के. के. हेब्बारांची नाचणारी रेघ पाहिली की हे पटतं. जे. जे. त शिकलेला, पॅरिसच्या ज्युलियाँ अकादमीत बसलेला हा चित्रकार लय अंगात भिनावी म्हणून कथक शिकला.

आपल्यापैकी बहुतेकांची मानवाकृतीशी पहिली गाठ यापैकी कुठेच पडत नाही. ती पडते एलिमेंटरीच्या स्मरणचित्रात. बसस्टॉप, भाजीबाजार, पतंग उडवणारी मुलं. लकॉकला हा विषय पाहून आनंदच झाला असता. पण परीक्षेला जाताना बहुतेकांच्या डोक्यात तीन ठरलेली माणसं असतात: एक पाठमोरं, एक बाजूने दिसणारं आणि एक पिशवी धरलेलं, कारण पिशवीमुळे बोटं काढावी लागत नाहीत. मीही हेच करून बी ग्रेड मिळवली. पाहून लक्षात ठेवायचं, ही विषयाची मूळ मागणी मला कळली ती पुढे, स्टेशनवर स्केचिंगला पाठवलं तेव्हा. लोकल सुटेपर्यंत समोरचा माणूस तुमचा, नंतर उरलेला हात डोक्यातून काढा.

वर्गात परतल्यावर दुसरं कळतं. लांब पोझ प्रत्यक्षात स्थिर नसते. मॉडेलला साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती लागते, उठण्याआधी तिच्या पावलांभोवती चबुतऱ्यावर खडूने खूण करतात, ती परत येऊन त्याच खुणांवर उभी राहते. पावलं तीच, पण कंबर थोडी उतरलेली असते, टेकलेल्या पायावरचं वजन ढळलेलं असतं, हनुवटी खाली आलेली असते. फोटोतला माणूस थकत नाही, त्यामुळे टायमरवर सराव केलेल्या मुलांना पहिल्या लांब बैठकीत हे फार गोंधळात टाकतं. प्रत्येक विश्रांतीनंतर ती खांदा खोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा खोडतात. जुनी मुलं असं करत नाहीत. त्यांनी पोझ लागल्या लागल्या पहिल्या मिनिटात कागदाच्या कोपऱ्यात एक बोटभर गिरगटा करून ठेवलेला असतो, आणि तिसऱ्या दिवशी मॉडेल कितीही खचली तरी ती त्या कोपऱ्याकडे बघून काम करतात.