पेनड्राइव्ह घेऊन येण्यापूर्वी एवढं वाचा

“चांगल्या क्वालिटीत करून द्या,” असं म्हणत गिऱ्हाईक पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवतं. आम्ही उलट विचारतो, ऐकणार कशावर? गाडीत, मोबाइलवर, की ट्रॅक्टरवर? पुष्कळांना हा प्रश्न उगाच वाटतो. पण फाइल कुठल्या प्रकारची करायची, ते त्याच्या उत्तरावर ठरतं. दर वेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हा कागद.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. इथे गाणी “भरून” मिळत नाहीत. तुमच्या घरच्या कॅसेट, सीडी, रेकॉर्डी आणा, त्यांच्या फाइली आम्ही करून देतो.

बिटरेट म्हणजे काय

एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती खर्ची घातली, तो आकडा म्हणजे बिटरेट. सीडीवर दर सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजलेला असतो, प्रत्येक मोजमाप 16 बिटचं आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की 1,411 केबीपीएस (म्हणजे दर सेकंदाला इतके हजार बिट) येतात. पाच मिनिटांचं गाणं अशा न दाबलेल्या, म्हणजे वेव्ह फाइलमध्ये सुमारे 50 एमबी खातं. तेच 320 च्या एमपीथ्रीत 12 एमबी, 192 ला सात आणि 128 ला जेमतेम पाच.

मग उरलेलं जातं कुठे? हलगी कडाडली की त्याच क्षणी शेजारी कोण कुजबुजलं ते कानाला कळत नाही. एमपीथ्री नेमका याचाच फायदा घेतं. मोठ्या आवाजाखाली जे दबणारच आहे, ते काढून टाकतं किंवा ढोबळपणे लिहितं. बिटरेट पुरेसा असेल तर ही चलाखी पकडणं अवघड असतं. तो फार कमी केला की झांजांची झणझण तेलात काहीतरी तळल्यासारखी वाटायला लागते, आणि हलगीच्या थापेच्या क्षणभर आधी एक खरखरीत सावली ऐकू येते. थाप अजून पडलेली नाही, आणि तिचा आवाज मात्र पुढे आलेला!

आमच्याकडे याचा एक नमुना ठेवलेला आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचं आम्हीच केलेलं ध्वनिमुद्रण: एकदा 64 ला, एकदा 128 ला, एकदा 256 ला आणि एकदा मूळ. कुठलं कुठलं ते न सांगता हेडफोनवर ऐकवतो. चारही आवाजाला सारखे ठेवलेले आहेत, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. 64 ला जवारीचा झंकार मोडून पाण्यात बुडबुडे आल्यासारखा होतो. ते सगळ्यांना कळतं. 128 ला लक्ष देऊन ऐकणारे हात वर करतात. 256 आणि मूळ यांत मात्र आमचीही फसगत होते, आणि हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

मग 128 ला करून मागायचं खूळ आलं कुठून?

जागेच्या टंचाईतून. एकेकाळी 700 एमबीच्या एका सीडीवर 128 ने दीडशेच्या आसपास गाणी बसायची, आणि “एका सीडीत 150 गाणी” ही तेव्हा चैन होती. आज 64 जीबीच्या साध्या कार्डावर 320 ची पाच मिनिटांची पाच हजार गाणी मावतात. तेवढी तुम्ही ऐकणार कधी? तेव्हा जागा वाचवायला म्हणून संगीत 128 ला करून मागू नका. (कार्ड 64 चं घेतलं आणि कॉम्प्युटर 59 दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडूही नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर 1,024 ने.)

भाषणं, कीर्तनातलं निरूपण, आजोबांचं बोलणं यांची गोष्ट वेगळी. नुसत्या बोलण्याला 64 केबीपीएस मोनो (एकच चॅनेल) पुरतं. मोनो ही तशीही दुर्लक्षित युक्ती आहे. 78 आरपीएमच्या रेकॉर्डी, ज्यांच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच बसायची, मुळातच एका चॅनेलच्या आहेत. त्यांची स्टिरिओ फाइल करणं म्हणजे एकच चिठ्ठी दोनदा लिहिणं. तिथे 128 मोनो छान होतं.

128 चं 320 करून देता का?

करता येतं. उपयोग शून्य. तासगावचा बेदाणा रात्रभर पाण्यात ठेवला की टम्म फुगतो, पण त्याचं द्राक्ष होत नाही. फाइल मोठी होईल, आकडा 320 दिसेल, गेलेलं परत येणार नाही. उलट एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केलं की दर वेळी थोडं आणखी निसटतं. कॅसेट लावून मोबाइल स्पीकरपाशी धरून केलेला व्हॉइस मेसेज तर आमच्याकडे आणूच नका. ती सोय बोलण्यासाठी केलेली आहे, गाण्यासाठी नाही. कॅसेटच आणा.

फ्लॅक कुणी घ्यावं

फ्लॅक हा फाइलचा प्रकार (2001 पासून आहे) म्हणजे घडी घालून ट्रंकेत ठेवलेली सतरंजी. जागा साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते, पण उलगडली की एक धागाही कमी झालेला नसतो. त्यावरून पुढे हवी ती फाइल, हव्या तितक्या वेळा करता येते. ऐकण्यापेक्षा जपण्यासाठी आम्ही ते सुचवतो.

हे आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या भजनाच्या कॅसेट आम्ही 128 ला करून दिल्या आणि वेव्ह फाइली जागा अडते म्हणून पुसल्या. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांच्या तळमजल्यावर पाणी आलं, कॅसेट गाळात गेल्या. पुढे ते “जरा स्पष्ट करून मिळेल का” विचारायला आले. मूळ उरलेलं नव्हतं, ना त्यांच्याकडे, ना आमच्याकडे. तेव्हापासून कॅसेटच्या प्रत्येक कामात फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्ही देतो, तुम्ही मागा किंवा न मागा. फ्लॅकची प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावात.

रोजच्या ऐकण्याला मात्र फ्लॅकचा हट्ट नको. साध्या ब्लूटूथवर आवाज जाताना पुन्हा दाबला जातोच, आणि एसबीसी ही नेहमीची पद्धत सुमारे 328 केबीपीएसच्या वर सहसा जात नाही. एलडीएसी ही जास्त बिटरेटची ब्लूटूथ पद्धत मोबाइल आणि हेडफोन दोन्हींत असेल तर 990 पर्यंत जातं. नाहीतर वायर लावा. आयफोनच्या स्वतःच्या म्युझिक ॲपला फ्लॅक चालत नाही, त्यासाठी अॅपल लॉसलेसमध्ये करून देतो, दर्जा तोच.

गाडी, ट्रॅक्टर, मोबाइल

मोबाइलवर हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना 256 ची एएसी (एमपीथ्रीसारखाच दाबलेल्या फाइलचा प्रकार) किंवा 320 ची एमपीथ्री. सारख्याच बिटरेटला एएसी थोडी सरस असते, आणि आताच्या सगळ्या फोनवर वाजते. ओपस हा 2012 चा प्रकार कमी बिटरेटला त्याहून चांगला, पण गाडीचे बरेच डेक त्याला ओळखच देत नाहीत. “एमपीथ्री बंद झालं” असं मधूनच कुणीतरी सांगतं. 2017 मध्ये त्याचे पेटंट परवाने संपले एवढंच. म्हणजे उलट ते सगळ्यांना मोकळं झालं.

गाडीसाठी 192 किंवा 256 ची एमपीथ्री, तीही एकसारख्या बिटरेटची. बदलत्या बिटरेटची फाइल कमी जागेत चांगली वाजते, पण काही जुने डेक तिची वेळ भलतीच दाखवतात आणि पुढे सरकवली की अडखळतात. ट्रॅक्टरला 192 भरपूर. उसाची ट्रॉली ओढताना इंजिनच्या घरघरीत आणि स्पीकरच्या त्या मोठ्या डब्यांच्या धडधडीत बारीक फरक ऐकू येईल असं कुणी म्हणालं, तर त्याला आमच्या तंबोऱ्याच्या परीक्षेला बसवू.

पेनड्राइव्ह गाडीत लागत नाही ही तक्रार आली की दोष बहुतेक वेळा गाण्याचा नसतो. 64 जीबी आणि त्यावरचे पेनड्राइव्ह पुष्कळदा एक्सफॅट या मांडणीत (फॉरमॅटमध्ये) येतात, आणि जुन्या डेकला फॅट32 ही जुनी मांडणीच कळते. आम्ही ते बदलून देतो, पण त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह आणू नका. गाणी उलटसुलट क्रमाने लागतात, कारण कितीतरी डेक नावाने नाही तर कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात. म्हणून आम्ही ओळीने एकेक फाइल चढवतो. मराठी नावं डेकवर चौकोन होऊन दिसत असतील तर इंग्रजी अक्षरांत टाकून देऊ. त्यासाठी गाडीचा डेक कुठला, ते फोटो काढून दाखवा.

कॅसेट आणताना

कॅसेटवर काय आहे ते चिठ्ठीवर लिहा: कोण गातंय, साधारण साल, कुठल्या बाजूला. आम्ही ते फाइलच्या नावात घालतो. नाहीतर पुढच्या पिढीला “ट्रॅक 01” कोण गातंय ते कळत नाही. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच, ती पळवत करता येत नाही, तेव्हा सकाळी देऊन दुपारी मागू नका.

आणि फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, किंवा कॅसेट कधी पुराच्या पाण्यात भिजलेली असेल, तर “चालते का बघू” म्हणून घरच्या टेपमध्ये घालू नका. फीत गुंडाळत न बसता जशी आहे तशी कागदात गुंडाळून आणा.