खुलासा: पाटे वाढवल्याने पिकअपचे धक्के कमी होत नाहीत

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून माल वाहणाऱ्या पिकअपबद्दल कोल्हापुरात एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: मागच्या स्प्रिंगमध्ये एक-दोन पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, वाढवले की गाडी दणकट होते आणि धक्केही कमी बसतात. यातला दुसरा भाग चुकीचा आहे; पहिला जेमतेम अर्धा खरा आहे.

पाटा वाढला की स्प्रिंगचा ताठरपणा वाढतो, त्यामुळे भरलेली गाडी मागे कमी दबते. मात्र माल उतरवून परतताना तीच ताठर स्प्रिंग हलक्या गाडीखाली फारशी वाकत नाही आणि प्रत्येक खड्डा थेट चालकाच्या कंबरेपर्यंत पोहोचतो. ॲक्सल, टायर आणि ब्रेक यांची क्षमता तर होती तेवढीच राहते.

ट्रेलर ओढताना जोडणीवरचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो, म्हणून पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते. पाट्यांनी मागची उंची सावरली, तरी पुढच्या चाकांवरून उचलला गेलेला भार परत येत नाही. त्यासाठी ट्रेलरमधल्या मालाची मांडणीच सुधारावी लागते.

रोजच्या आणि भरल्या वापरासाठी, भार आल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा किंवा हवा कमी-जास्त करता येणाऱ्या, स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअर बॅग (हवेच्या पिशव्या) अधिक योग्य ठरतात. त्याआधी झिजलेले बुश (स्प्रिंगच्या सांध्यांतली नळीसारखी अस्तरे) आणि निकामी शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत, कारण स्प्रिंगची उसळी आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे असते, वजन पेलण्याचे नव्हे. मऊपणासाठी भरल्या गाडीच्या टायरमधली हवा उतरवणे मात्र धोक्याचे आहे: टायर तापून फुटू शकतो.