'ढ' आणि एकवीस प्रवर्ग

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं पोर गुजराती शाळेत जाऊ लागलं की गोंधळ शिरोरेषेपासून सुरू होतो. घरी आजी रेघ ओढून घेते आणि शाळेत बाई ती खोडायला लावतात, कारण गुजराती लिपीत ती नसते. तिसरीतही अक्षरं उलटसुलट पडत असतील, तर हा दोन लिप्यांचा गुंता की डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता? पूर्वी शिक्षकाला इतका विचार करावा लागत नसे, एक 'ढ' पुरे होता. (ब्राह्मीपासून हे अक्षर फारसं बदललं नाही, म्हणून पोरालाही तेच नाव, असं सांगतात.)

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १०. सक्ती वयावरून ठरली. वर्गात बसलेलं मूल शिकतं कसं, हा प्रश्न प्रशिक्षणात यायला फार वर्षं गेली.

अपंग मुलांना साध्या शाळेत घेण्याची केंद्राची योजना १९७४ची. पुढे विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ साली झाला आणि विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम प्रवर्गवार चालू लागले: कर्णबधिर, दृष्टिहीन, मतिमंद. एकात पदवी घ्यायची आणि शाळेत सगळ्यांना सांभाळायचं! अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रवर्ग सातच होते. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती, म्हणजे आपला 'ढ' कागदावर कुठेच नव्हता.

२०१६च्या कायद्याने सातांचे एकवीस केले, 'मतिमंद' जाऊन 'बौद्धिक अक्षमता' आली. यादी मात्र दवाखान्याच्या डोळ्याने केलेली वाटते. पार्किन्सन आणि स्वमग्नता एकाच यादीत. भावी शिक्षक ती परीक्षेपुरती घोकतात. यादीतल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच बघा. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो. अशा मुलाला शिकवायची पद्धत सहसा वेगळी लागत नाही. पण सांधे दुखले म्हणून ते आठवडाभर आलं नाही तर 'कामचुकार' म्हणू नये, वर्गात पाणी प्यायला अडवू नये, एवढं तरी शिक्षकाला ठाऊक हवं. नुसतं नाव पाठ करून ते कळत नाही.

दांडिया बाजारातल्या पोराचंही तसंच. त्याच्या घरच्या मराठी वह्या मागवून घ्याव्यात. दोन्ही लिप्यांत अक्षरं तशीच फिरत असतील तर तपासणीला पाठवावं. फक्त गुजरातीतच फिरत असतील, तर आधी आजीशी बोलावं.